नापास न होणारे रस्ते

रस्त्याचे बिल काढताना आपल्याकडे तीन गोष्टी मोजतात : लांबी, रुंदी आणि जाडी. त्यांचा गुणाकार मोजमाप पुस्तिकेत चढतो, त्याला मंजूर दर लागतो, कनिष्ठ अभियंत्याची सही होते, उपअभियंता काही नोंदी पडताळतो आणि चालू देयक वरच्या टेबलाकडे निघते. खडीला डांबर किती बसले, दबाई कितपत झाली, मिश्रण अंथरताना किती गरम होते, याचे चाचणी अहवालही त्या देयकाला जोडलेले असतात. पण नुसते जोडलेले. त्यांतल्या आकड्यांमुळे देयकाची रक्कम सहसा एका रुपयानेही खालीवर होत नाही. अहवाल ‘समाधानकारक’ असला की पूर्ण पैसे. असमाधानकारक अहवाल आला म्हणून अख्खा रस्ता उखडून पुन्हा केला, असे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

याचे खापर एकट्या भ्रष्टाचारावर फोडण्याची आपल्याला सवय आहे. भ्रष्टाचार आहेच, पण त्याच्या आधी एक साधी अडचण आहे आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. पास आणि नापास अशा दोनच पायऱ्या ठेवल्या की नापास कोणीच होत नाही. कनिष्ठ अभियंत्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. काल रात्री अर्धा किलोमीटर डांबरीकरण झाले. सकाळी कोअर, म्हणजे रस्त्यातून कापलेले गोल नमुने, काढले; घनता हवी होती ९२ टक्के, भरली ९१. करारानुसार काम नाकारायचे म्हणजे थर खरवडून काढायचा, वाहतूक पुन्हा बंद करायची, पोलिसांची परवानगी पुन्हा मागायची. मार्चअखेर जवळ आली आहे आणि निधी परत जाण्याची टांगती तलवार आहे. नगरसेवकाने उद्घाटनाची तारीख घेऊन ठेवली आहे. एका टक्क्यासाठी एवढा खटाटोप कोणता प्रामाणिक माणूस करील? तो ९१ चे ९२ लिहितो, आणि लिहिताना त्याला फारसे अपराधीही वाटत नाही. शिक्षा अपराधाच्या मानाने फार मोठी आहे, हे त्यालाही पटलेले असते. पुढच्या वेळी घनता ८८ भरते. तोवर हाताला वळण लागलेले असते. टक्केवारीचा व्यवहार सुरू होतो तो इथे. ज्याच्या लेखणीत सगळे नाकारण्याचा किंवा सगळे स्वीकारण्याचा अधिकार आहे, त्या लेखणीला बाजारात किंमत येणारच.

म्हणून माझे म्हणणे असे की रस्त्याच्या गुणवत्तेला पास-नापासाऐवजी भाव लावावा. ९१ टक्के घनतेचा रस्ता उखडू नका, पण त्याला ९२ च्या रस्त्याचे पैसेही देऊ नका. आणि कोणी ९४ चा रस्ता सलग, एकसारखा करून दाखवला तर त्याला थोडे जास्त द्या. किती कमी आणि किती जास्त, हे साहेबांच्या मर्जीवर न सोडता निविदेतच एका तक्त्यात छापा.

एका टक्क्याने काय फरक पडतो, असे वाटत असेल तर घनतेचे गणित थोडे समजून घ्यावे लागेल. डांबरी मिश्रणात हवेची एकही पोकळी उरली नाही अशी कल्पना केली, तर त्याची जी घनता येईल ती शंभर. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांनुसार प्रत्यक्ष रस्त्यावर दबाईनंतर तिच्या किमान ९२ टक्के घनता हवी; म्हणजे पोकळ्या ८ टक्क्यांच्या आत. पोकळ्या त्यापलीकडे गेल्या की त्या एकमेकींना जोडल्या जातात, पावसाचे पाणी आत उतरते, चाकाच्या दाबाखाली ते पाणी खडीवरचे डांबर सोलून काढते आणि जुलैत खड्डा दिसतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील अभियंत्यांनी १९८९ मध्ये यावर एक ठोकताळा मांडला : पोकळ्या ७ टक्क्यांच्या वर गेल्या की पुढच्या प्रत्येक टक्क्यागणिक रस्त्याचे आयुष्य साधारण १० टक्क्यांनी घटते. हा काही निसर्गनियम नव्हे. हवामान आणि खडीप्रमाणे तो थोडा हलतो. पण दिशा स्पष्ट आहे. डांबर तेच, खडी तीच, खर्च जवळजवळ तेवढाच. फरक रोलरच्या फेऱ्यांचा आणि त्या कधी मारल्या याचा. हॉट मिक्स प्लांटमधून दीडशे अंशांच्या पुढे निघालेले मिश्रण डंपरमध्ये वाहतुकीत अडकले, ताडपत्री नीट झाकलेली नव्हती, पेव्हर बंद पडला, की मिश्रण थंड होते आणि मग रोलरने कितीही फेऱ्या मारल्या तरी ते दबत नाही. वरून रस्ता मात्र काळाभोर आणि गुळगुळीत दिसतो. नव्या रस्त्याकडे पाहून त्याची दबाई ओळखणे नगरसेवकाला जमत नाही, पत्रकाराला जमत नाही आणि खरे सांगायचे तर अभियंत्यालाही जमत नाही. ती मोजावीच लागते.

मोजण्याच्या या शास्त्राचा उगम एका जुन्या प्रयोगात आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात सहा बंदिस्त मार्गांपैकी पाचांवर लष्कराचे चालक रात्रंदिवस ट्रक चालवत होते. अकरा लाखांहून अधिक आसभार त्या रस्त्यांवरून गेले. जड आसामुळे रस्त्याची होणारी हानी भाराच्या साधारण चौथ्या घातात वाढते, हा निष्कर्ष त्यातलाच. पण त्या प्रयोगाने आणखी एक अवघड गोष्ट उघड केली. इतक्या कडक देखरेखीत, संशोधनासाठी म्हणून बांधलेल्या रस्त्यांतही जाडी, घनता, डांबराचे प्रमाण जागोजागी बरेच बदलत होते. म्हणजे ‘सगळीकडे नेमके इतकेच हवे’ ही करारातली भाषाच अवास्तव होती. तिथून अमेरिकी महामार्ग विभागांनी संख्याशास्त्राची कास धरली. प्रत्येक नमुना पास झालाच पाहिजे हा हट्ट त्यांनी सोडला. त्याऐवजी एका तुकडीतल्या कामाचा किती टक्के भाग मर्यादेच्या आत आहे याचा अंदाज काढायचा आणि त्यावर पैसे ठरवायचे, अशी रीत बसवली.

सूत्र इतके सोपे आहे की ते इथे देतो. मर्यादेच्या आत असलेल्या कामाच्या टक्केवारीची निम्मी घ्या, तीत ५५ मिळवा. आला तो आकडा म्हणजे देयकाची टक्केवारी. ९० टक्के काम मर्यादेत असेल तर ४५ अधिक ५५, पूर्ण शंभर. सगळे काम मर्यादेत असेल तर १०५. पन्नास टक्केच असेल तर ८०, आणि त्याखाली गेले तर थर काढून टाकण्याचा अधिकार मालकाचा.

आता दोन काल्पनिक कंत्राटदार घेऊ. दोघांच्याही रस्त्यातून पाच-पाच कोअर काढले. पहिल्याचे आकडे ९२.७, ९३.२, ९३.५, ९३.९ आणि ९४.२. दुसऱ्याचे ९१.०, ९२.३, ९३.६, ९४.८ आणि ९५.८. दोघांची सरासरी नेमकी ९३.५. आपल्या रजिस्टरात सरासरीवर दोघेही पास आणि दोघांनाही सारखेच पैसे. पण पहिल्याचे काम एकसारखे आहे. आकडे इतके जवळजवळ आहेत की जवळपास सगळा रस्ता मर्यादेत बसतो आणि त्याला १०५ टक्के मिळतात. दुसऱ्याचे आकडे इतके पसरलेले आहेत की त्याचा सुमारे ७७ टक्केच रस्ता मर्यादेत भरतो; त्याच्या हाती साडेत्र्याण्णवच्या आसपास पडतात. एक कोटीच्या कामात साडेअकरा लाखांचा फरक. खड्डा सरासरीवर पडत नाही, तो सर्वांत कच्च्या जागेवर पडतो. म्हणून पसरटपणाला शिक्षा हवी. आणि साडेअकरा लाख हा असा आकडा आहे की त्यासाठी कंत्राटदार स्वतःच प्लांटवर तापमापी घेऊन उभा राहील. कनिष्ठ अभियंत्याला त्याच्या मागे धावावे लागणार नाही.

‘चांगले काम करणे हे त्याचे कर्तव्यच आहे, त्याला बक्षीस कशाला?’ हा आक्षेप लगेच येतो, आणि लेखापरीक्षकांच्या तोंडून तर तो फारच शोभतो. उत्तर दोन पातळ्यांवर आहे. पहिले गणिताचे. जो कंत्राटदार सातत्याने बरोबर ९० टक्के काम मर्यादेत देतो, त्याच्याही पाच नमुन्यांत कधी ८० दिसेल, कधी १००. नमुना म्हटला की एवढा डोल आलाच. कमी आल्यावर पैसे कापायचे आणि जास्त आल्यावर काहीच द्यायचे नाही, असे केले तर करार पाळणाऱ्याचेही सरासरीने पैसे कापले जातील. म्हणजे बक्षीस हे औदार्य नव्हे, हिशेब जुळवण्यासाठी लागणारी दुसरी बाजू आहे. दुसरे उत्तर आपल्याच करारांत आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या ईपीसी (आराखड्यापासून बांधकामापर्यंत सगळे एकाच कंत्राटदाराकडे) करारांत मुदतीआधी काम पुरे करणाऱ्याला बोनस देण्याची तरतूद आहेच. लवकर केल्याबद्दल पैसे द्यायला आपली हरकत नाही, चांगले केल्याबद्दल मात्र आहे. घाईला भाव आणि दबाईला नाही, या व्यवस्थेत रोलरच्या फेऱ्या कमी होणार हे सांगायला तज्ज्ञ नको.

ही कल्पना परकी आहे असेही म्हणता येणार नाही. सिमेंट काँक्रीटच्या रस्त्याची जाडी काही मिलिमीटरने कमी भरली तर दराच्या किती टक्के द्यायचे, याचा चढता-उतरता तक्ता केंद्रीय विनिर्देशांत कित्येक वर्षे छापलेला आहे. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत रस्ता बांधणाऱ्यावरच पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी टाकलेली असते. मध्य प्रदेशात सुरू होऊन पुढे देशभर नेलेल्या ‘ई-मार्ग’ या प्रणालीत त्या देखभालीचे पैसे रस्त्याच्या तपासलेल्या स्थितीला मिळालेल्या गुणांवर ठरतात. अभियंत्याला जागेवर जाऊन स्थानाची नोंद असलेली छायाचित्रे काढावी लागतात. २०१६ मध्ये आलेल्या हायब्रिड अॅन्युइटी पद्धतीत बांधकामाच्या काळात प्रकल्प खर्चाच्या ४० टक्केच रक्कम मिळते, उरलेली पुढच्या १५ वर्षांत हप्त्यांनी. खेड्यातल्या रस्त्याला आणि चौपदरी महामार्गाला जे लागू होते, ते मधल्या नगरपालिका-महापालिकांच्या रस्त्यांना का लागू नये?

कायद्याचीही आडकाठी नाही. मात्र तिथे एक काळजी घ्यावी लागते. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ खाली करारात लिहिलेली रक्कम ही वाजवी भरपाईची कमाल मर्यादा ठरते. ती नुसती दहशत घालण्यासाठी लिहिली असेल तर टिकत नाही. ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स या खटल्यात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, नुकसानीचा प्रामाणिक पूर्वअंदाज करारात असेल तर तो मान्य करावा, अशी भूमिका घेतली. म्हणून कपातीचा तक्ता रस्त्याच्या घटणाऱ्या आयुष्याशी बांधलेला हवा. आठ वर्षे टिकायचा थर सहा वर्षेच टिकणार असेल, तर दोन वर्षे आधी करावा लागणारा नवा थर आज किती रुपयांचा, एवढेच त्यात असावे. सभागृहात टाळ्या घेणारे ‘दुप्पट दंड वसूल करू’ लवादापुढे पहिल्याच तारखेला कोसळते.

यावर आपल्याकडचे आवडते उत्तर असते दोषदायित्व कालावधीचे, म्हणजे हमीचे. पुण्याचा जंगली महाराज रस्ता हे त्याचे आद्य उदाहरण. १९७३ च्या पावसात पुण्याच्या रस्त्यांची दैना झाल्यावर महापालिकेने रेकॉन्डो या कंपनीकडून तो करून घेतला, कंपनीने दहा वर्षांची हमी दिली, १ जानेवारी १९७६ ला रस्ता पुरा झाला आणि दशकानुदशके तो खड्ड्यांविना राहिला. ही गोष्ट मराठी वृत्तपत्रांत दर पावसाळ्यात उगवते. ती कंपनी चालवणाऱ्या दोन पारशी भावांच्या सचोटीचे गुणगान होते आणि ‘आता तशी माणसे राहिली नाहीत’ असा सुस्कारा टाकून आपण मोकळे होतो. त्या रस्त्याची आपण दंतकथा केली, मानक केले नाही. सज्जन कंत्राटदार सापडावा ही प्रार्थना झाली. सामान्य, नफेखोर कंत्राटदाराकडूनही बरा रस्ता निघावा, याची तजवीज म्हणजे धोरण.

हमीला माझा विरोध नाही, पण एकट्या हमीवर मदार ठेवण्याला आहे. हमीच्या काळात खड्डा पडला की पहिला प्रश्न येतो : कुणामुळे? रस्ता झाल्यावर तीन महिन्यांत कोणीतरी केबलसाठी चर खणतो, पाणीपुरवठा विभाग गळती शोधायला येतो, कडेच्या गटाराचे पाणी वर येते. कंत्राटदार तिकडे बोट दाखवतो आणि बऱ्याचदा त्याचे बरोबर असते. मोठे उदाहरण द्यायचे तर केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये चार टायरांच्या एकेरी आसाचा कायदेशीर भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेला. चौथ्या घाताचा नियम लावला तर त्या आसामुळे होणारी हानी साठ टक्क्यांहून जास्त वाढते. २०१६ साली हमी देणाऱ्याने त्याची भरपाई का करावी? बांधकामाच्या वेळी मोजलेल्या घनतेबाबत असा वाद घालता येत नाही. काल रात्री दबाई झाली की नाही, एवढाच प्रश्न. आणि तिथे केबलवाला अजून आलेला नसतो.

खरा अवघड आक्षेप पुढे आहे. आकड्याला भाव आला की खोटे आकडे लिहिण्याचा मोह वाढणार. आज खोटा आकडा नुसता नामंजुरी टाळतो. उद्या तो बक्षीस मिळवून देईल. त्रयस्थ तपासनीस नेमला की हे मिटते, या भ्रमात राहू नये. मुंबई महापालिकेच्या २०१५-१६ च्या रस्ते चौकशीत अभियंते निलंबित झाले, कंत्राटदारांवर गुन्हे दाखल झाले आणि त्रयस्थ लेखापरीक्षण करणाऱ्या संस्थांच्या माणसांनाही अटक झाली. ज्याचे शुल्क काम सुरळीत पार पडण्यावर अवलंबून, तो त्रयस्थ नावापुरताच.

तरी खोटेपणा महाग करता येतो. कोअर कुठून काढायचा ती जागा डांबरीकरण झाल्यावर, यादृच्छिक आकड्यांनी, सगळ्यांसमोर ठरवावी. प्रत्येक जागी शेजारी-शेजारी दोन कोअर काढावेत. एक कंत्राटदाराच्या प्रयोगशाळेत, दुसरा मोहोरबंद करून एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. त्यातले थोडेच तपासले तरी चालतात, कारण दोन्हींच्या सरासरीत आणि पसरटपणात तफावत आहे का, हे ताडून पाहण्याच्या चाचण्या संख्याशास्त्राच्या पहिल्या पुस्तकात असतात. खोटे आकडे लिहिणारा सहसा फार नीटनेटके लिहितो. खरा रस्ता तसा नसतो. शिवाय कोअरची भोके बुजवली तरी रस्त्यावर गोल ठिगळ दिसत राहते. अहवालात पंधरा कोअर आणि रस्त्यावर चारच ठिगळे, हा हिशेब कोपऱ्यावरचा पानवालाही करू शकेल. हे अहवाल महापालिकेच्या संकेतस्थळावर टाकले पाहिजेत, हे वेगळे सांगायला नको.

सगळ्यात लाजिरवाणी अडचण मात्र सरकारच्या बाजूची आहे. पैशाची सांगड गुणवत्तेशी घालायची तर आधी पैसे वेळेवर दिले पाहिजेत. महाराष्ट्रात २०२५ मध्ये कंत्राटदारांच्या संघटना थकीत देयकांसाठी रस्त्यावर उतरल्या होत्या. ज्याचे बिल वर्ष-दीड वर्ष अडकते, त्याचा खरा धंदा रस्ता बांधणे हा राहत नाही. बिल सोडवून घेणे हा होतो. बिल लवकर निघणे हेच त्याच्या लेखी सगळ्यात मोठे बक्षीस ठरते, आणि ते कोणत्या मार्गाने मिळते हे सर्वांना ठाऊक आहे. तिथे पाच टक्के जास्त देण्याच्या तक्त्याला कोण विचारतो? त्यात निविदा आधीच अंदाजपत्रकापेक्षा कितीतरी खाली भरलेली. अंदाजपत्रकाच्या पंचवीस-तीस टक्के खाली जाऊन काम घेणारा काय वाचवून नफा काढणार, हे निविदा उघडणाऱ्यांना त्याच दिवशी कळलेले असते. चाचणीचे आकडे नोंदल्यापासून ठरावीक दिवसांत देयक निघालेच पाहिजे आणि उशीर झाला तर व्याज, हे कलम कपातीच्या तक्त्याइतकेच बंधनकारक हवे. ते नसेल तर माझा हा सगळा प्रस्ताव कंत्राटदाराला नाडण्याचे आणखी एक हत्यार ठरेल, आणि मग त्याला विरोध करणाऱ्यांत मीही असेन.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये आणि जखमी झाल्यास ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई ठरवून दिली. ती दोषी अधिकारी आणि कंत्राटदारांकडून वसूल करावी असेही सांगितले. निकाल स्वागतार्ह आहे. पण आपल्या व्यवस्थेत माणूस मेल्यावर तक्ता तयार होतो आणि रस्ता कच्चा भरल्यावर होत नाही, हेही त्यातून दिसते.

सगळ्या गोष्टी एकदम करायच्या नाहीत. डांबराचे प्रमाण, खडीची प्रत, पृष्ठभागाचा सपाटपणा हे नंतर पाहता येईल. एका महापालिकेने एका प्रभागात, एका हंगामासाठी, फक्त दबाईच्या घनतेवर देयक बांधून पाहावे आणि आकडे लोकांसमोर ठेवावेत. डांबरीकरणाचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होतो, त्याच्या निविदा त्याआधी निघतात, आणि त्या निविदांच्या अटी ठरवण्याचा अधिकार महापालिकांकडे आजही आहे. तुमच्या प्रभागातल्या पुढच्या रस्त्याची निविदा प्रसिद्ध होईल तेव्हा ती मागवून घ्या, आणि त्यात हा तक्ता आहे का ते आयुक्तांना लेखी विचारा.